डोंगरमाथ्यावरची रांग

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या छोट्याशा गावाचे नाव २९ सप्टेंबर २०१० या दिवशी देशभर झाले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक या गावात दिला गेला. दिल्ली-मुंबईची सभागृहे सोडून एक वनवासीबहुल गाव या शुभारंभासाठी निवडले गेले, त्यामागे काही विचार होता. निदान तसे सांगितले तरी जात होते. ज्याच्याजवळ ना सातबारा ना जन्माचा दाखला, अशा माणसाला शासनदरबारी स्वतःची ओळख मिळावी आणि मधल्या दलालांना वगळून त्याच्या हक्काचे ते त्याच्या हाती पडावे, हा तो विचार. त्याला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

त्यानंतर बरोबर पंधरा वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतील महिलांना ई-केवायसी सक्तीची केली. संकेतस्थळावर आधार क्रमांक भरायचा, त्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी ठरावीक मिनिटांच्या आत टाकायचा, आणि हीच कसरत पतीच्या किंवा वडिलांच्या आधारसाठी पुन्हा करायची. शहरातील भगिनीने हे काम दुपारचा चहा घेता घेता उरकले असेल. त्याच सुमारास नंदुरबारच्या डोंगराळ भागातील महिला मोबाइलला रेंज मिळावी म्हणून डोंगर चढत असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. ज्या जिल्ह्यात देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला, त्याच जिल्ह्यात तो क्रमांक आपलाच आहे हे सिद्ध करण्यासाठी डोंगरमाथ्यावर रांग लावावी लागली. विरोधकांनी यावर टीका केली, शासनाने मुदत वाढवली आणि विषय मागे पडला. मुदतवाढीने त्या डोंगराची उंची काही कमी झाली नाही.

हा प्रसंग एका योजनेपुरता आणि एका जिल्ह्यापुरता असता, तर त्यावर अग्रलेख लिहिण्याची गरज नव्हती. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत शासनाचा जवळजवळ सारा व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. रेशनचे धान्य पॉस मशीनवर अंगठा उमटल्यावाचून मिळत नाही. शेतकरी सन्मान निधीला ई-केवायसी लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहातील प्रवेश, जातीचा दाखला, पीकविमा या सर्वांची वाट संकेतस्थळावरूनच जाते. रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रासह मोबाइल अॅपवर नोंदवण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र झाली, तेव्हा दिवसभर माती उपसूनही छायाचित्र चढले नाही म्हणून हजेरी लागली नाही, अशा तक्रारी देशाच्या अनेक भागांतून आल्या. पूर्वी कचेरी लांब होती, पण ती जागेवर तरी होती. माणूस पहाटे निघून, दोन नद्या ओलांडून तालुक्याला पोहोचला, की टेबलापलीकडे कोणीतरी बसलेले असे. ते कोणीतरी उद्धटपणे बोलत असेल, चिरीमिरी मागत असेल, ‘उद्या या’ म्हणत असेल; तरी त्याच्यासमोर उभे राहून गाऱ्हाणे मांडता येत होते. रेंज नसलेल्या मोबाइलसमोर गाऱ्हाणे कोणते मांडणार? ज्या सुधारणेने दलाल नाहीसा व्हायचा होता, तिनेच तालुक्याच्या बाजारात एक नवा दलाल उभा केला आहे. पन्नास-शंभर रुपये घेऊन अर्ज भरून देणारा, आणि बरेचदा अंगठा व ओटीपी दोन्ही आपल्या ताब्यात ठेवणारा.

यापेक्षाही गंभीर प्रश्न जिवाचा आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि तिने असंख्य माणसांचे प्राण वाचवले आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण या सेवेची पहिली पायरी म्हणजे फोन लागणे. मेळघाटातील बाळंतीण अडली, भामरागडकडच्या एखाद्या पाड्यावर रात्री सर्पदंश झाला, तर घरचा माणूस हातात मोबाइल घेऊन आधी अंधारात टेकडीकडे धावतो. अशा प्रत्येक गावात रेंज मिळण्याची एखादी जागा सर्वांना ठाऊक असते: एखादा खडक, रस्त्याचे एखादे वळण, शाळेमागचे एखादे झाड. दवाखाना किती किलोमीटरवर आहे याची नोंद शासकीय अहवालात सापडते. रेंजचा खडक किती किलोमीटरवर आहे, याची नोंद कोणत्याही रकान्यात नाही.

वास्तविक, अंतर कितीही असो, सेवेचा हक्क सर्वांना सारखा, हे तत्त्व या देशाला नवे नाही. १८५४ साली आपल्याकडे टपालाचा एकच दर ठरवण्यात आला. पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या पेठेत जावो वा शेकडो कोसांवरच्या एखाद्या खेड्यात जावो. अर्थात इंग्रजांनी हे काही भूतदयेपोटी केले नाही, त्यांना राज्य चालवायचे होते. परंतु त्या अर्ध्या आण्यात एक शहाणपण दडलेले होते. मुंबईच्या मुंबईत जाणाऱ्या हजारो पत्रांवर जे उरत असे, त्यातून आडवळणाच्या खेड्यातील एका पत्राचा तोटा भरून निघत असे. पुढे स्वतंत्र भारतातील डाकिया डोंगर चढून पाड्यावर जात असे. पत्र घ्यायला पाड्याने डोंगर चढून डाकघरात यावे, असे कोणी म्हटले नाही. तंत्रज्ञान पुढे गेले आणि हा क्रम मात्र उलटा झाला.

दूरध्वनीच्या बाबतीत सुरुवातीला हे भान होते. सीडॉट ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांच्या नेतृत्वाखाली तेथील तरुण अभियंत्यांनी ग्रामीण भागासाठी १२८ जोडण्यांचे एक लहान स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले. परदेशी यंत्रणेला वातानुकूलित खोली लागे. हे यंत्र आपल्या उन्हात नि धुळीत, साध्या खोलीत चालत असे. राणी चेन्नम्माच्या कित्तूरमध्ये ते १९८६ साली पहिल्यांदा बसवले गेले. श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. त्या काळच्या राज्यकर्त्यांशी आमचे मतभेद असतील, पण ‘आपल्या मातीत चालेल असे यंत्र आपणच करू’ ही जिद्द शंभर टक्के स्वदेशी होती. गावोगावी उभ्या राहिलेल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथने पुढे जे केले, ते पन्नाशीच्या पुढील प्रत्येक वाचकाला आठवत असेल. घरी फोन नसलेल्या माणसालाही त्या बूथने फोन मिळवून दिला, आणि तो चालवणारा बहुधा गावातलाच एखादा गरजू, क्वचित एखादा अपंग तरुण असे.

नव्वदच्या दशकात बाजाराची दारे उघडली. ते आवश्यकच होते, खात्याच्या कारभाराखाली जोडणीसाठी वर्षानुवर्षे ताटकळणारा देश आणखी किती थांबणार? १९९४ च्या दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व गावांत दूरध्वनी पोहोचवण्याचे आश्वासन दिले. ते पाळले गेले नाही, म्हणून १९९९ च्या धोरणाने २००२ ही नवी मुदत दिली. तीही उलटून गेली. खासगी कंपन्यांना परवाने देताना गावांत सार्वजनिक दूरध्वनी बसवण्याची अट घातलेली होती. पण गावात खांब उभारण्यापेक्षा दंड भरलेला परवडतो, हा हिशेब त्यांनी लवकरच मांडला. व्यापाऱ्याने नफ्याचा हिशेब करावा यात नवल काही नाही. सेवा न देणे हे सेवा देण्यापेक्षा स्वस्त ठेवले, हा दोष नियम करणाऱ्यांचा होता.

यातून मार्ग म्हणून १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा निधीची योजना अमलात आली आणि डिसेंबर २००३ मध्ये, अटलजींच्या शासनकाळात, टेलिग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन तिला कायद्याचे बळ मिळाले. दूरसंचार कंपन्यांनी आपल्या समायोजित ढोबळ महसुलाचे पाच टक्के या कामासाठी द्यावेत आणि त्या पैशातून जेथे धंदा परवडत नाही तेथे सेवा पोहोचवावी, अशी ही रचना. अर्ध्या आण्याच्या टपालाचेच हे नवे रूप. कंपन्या हा पैसा पदरमोड करून देत नाहीत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तो आपण भरलेल्या रिचार्जमधून जातो. मुंबईतील रिक्षाचालकाने, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराने, पुण्यातील महाविद्यालयीन मुलीने भरलेल्या रकमेचा एक छोटा वाटा सातपुड्यातील पाड्यासाठी बाजूला काढला जातो. इतकेच काय, आठवड्याच्या बाजाराला तालुक्याच्या गावी आल्यावर फोन लावता यावा म्हणून रिचार्ज मारणारा त्या पाड्यावरील माणूसही हा वाटा भरतच असतो. गेली दोन तपे देशातील प्रत्येक मोबाइलधारक या कामाची वर्गणी भरतो आहे, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नाही.

मग ही वर्गणी गेली कोठे? हा पैसा आधी भारताच्या संचित निधीत जमा होतो आणि संसदेने मंजुरी दिल्यावर त्यातून खर्चासाठी मिळतो. वर्ष संपले म्हणून तो रद्द होत नाही, असे कायदा म्हणतो. पण रद्द न होणे आणि वापरला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षानुवर्षे जमा मोठी आणि खर्च लहान अशी स्थिती राहिली, वित्तीय तूट मोजताना हा शिल्लक पैसा सोयीचा पडला आणि निधीतील फार मोठा भाग न वापरलेला तसाच राहिला. यात एकाच पक्षाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. २००४ ते २०१४ या काळात हे घडले आणि त्यानंतरही हा ढीग पुरता उपसला गेला नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ असे केले. नव्या नावापेक्षा आम्हाला त्या कायद्यातील एक शब्दयोजना अधिक मोलाची वाटते. सेवेपासून वंचित अशा ग्रामीण आणि दुर्गम भागांबरोबर त्यात नागरी भागांचाही उल्लेख आहे, आणि २०२४ च्या नियमांत महिला, दिव्यांग तसेच आर्थिक व सामाजिकदृष्ट्या दुर्बल घटकांची नावे स्पष्ट घेतली आहेत. वंचना फक्त डोंगरात असते असे नाही, हे कायद्याने प्रथमच मान्य केले.

खरे तर या हक्काचा पाया निधीच्याही आधी घातला गेला होता. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. तो खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवला होता, हा योगायोग मोठा मजेशीर आहे. परंतु निकालाचा अर्थ दूरवर जातो. ज्या लहरींच्या लिलावातून सरकारी तिजोरीत हजारो कोटी येतात, त्या लहरींचा मालक धडगावचा पावरा शेतकरीही आहे. मालकाच्या जमिनीवरून पाण्याचा पाट काढायचा आणि त्याच्या शेताला पाणी द्यायचे नाही, हा व्यवहार कोणत्या न्यायाने योग्य ठरतो?

काम झालेच नाही, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. सर्व ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूने जोडण्याच्या योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पहिली काही वर्षे ती रखडली, २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळाले आणि २०१७ अखेर एक लाखाहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत तंतू पोहोचला. आज हा आकडा दोन लाखांच्या पुढे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटी रुपयांची आणि जुलै २०२२ मध्ये देशातील २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची फोर-जी मनोऱ्यांची योजना केंद्राने मंजूर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचे ९७,५०० हून अधिक फोर-जी मनोरे राष्ट्राला अर्पण झाले, तेही भारतीय बनावटीच्या यंत्रणेवर. त्या यंत्रणेचा गाभा ज्या सीडॉटने घडवला, तिचेच १२८ जोडण्यांचे यंत्र कित्तूरच्या खोलीत बसवले गेले होते. अशा प्रसंगी अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु अभिमानाने हिशेब चुकता होत नाही. घोडे पेंड खाते ते मोजणीपाशी. शासकीय अहवालात ‘गाव’ हे एकक असते. गावठाणात कोठेतरी रेंज आली, की ते गाव ‘जोडलेले’ ठरते. देशावरच्या गावाला हे माप ठीक आहे, कारण तेथे घराला घर लागून असते. अक्कलकुवा-धडगावकडे महसुली गाव म्हणजे डोंगरांवर विखुरलेले पाडे. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायला दरी उतरून पुन्हा चढण चढावी लागते. रेडिओ लहरी सरळ रेषेत जातात, कड्याला वळसा घालत नाहीत. त्यामुळे खालच्या पाड्याला रेंज आणि वरच्या तीन पाड्यांना शून्य, अशी गावेही यादीत ‘जोडलेली’ म्हणून जातात. एकदा यादीत गेले, की त्या गावाच्या नावाने पुढील योजनेत मनोरा मिळत नाही. ज्याची उपेक्षा झाली, त्याची उपेक्षा संपल्याचे प्रमाणपत्र दुसऱ्याच कोणाला तरी मिळालेले असते.

तीच गोष्ट ‘सेवासज्ज’ या शब्दाची. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पेटी बसली, तिचा दिवा एकदा लागला, की पंचायत सेवासज्ज झाली. पुढे वीज गेली, बॅटरी उतरली, रस्त्याच्या कामात जेसीबीने तंतू तोडला, किंवा नुसते कार्यालयाला कुलूप लागले, तरी ती सेवासज्जच राहते. पहिल्या टप्प्यात तंतू एका सरळ ओळीत टाकले गेले होते, त्यामुळे एके ठिकाणी तुटले की पुढची सारी गावे अंधारात जात. हा दोष ओळखून ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यात वर्तुळाकार जोडणी आहे, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसरीकडून संपर्क चालू राहावा, आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही आहे. उशिरा का होईना, देखभाल हा शब्द मूळ योजनेत आला. मनोऱ्यांनाही हेच लागू पडते. मनोरा ही विहीर आहे. तिला झरा लागतो. मागून तंतू किंवा उपग्रहाचा भक्कम दुवा नसेल, तर मोबाइलवर रेंजच्या चार काड्या दिसतात आणि छायाचित्र मात्र चढत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. त्या दिवसांत सौरबॅटरी बिघडली, तर दुरुस्तीला कोण जाणार आणि कसा? संपर्काची सर्वांत अधिक निकड ज्या दिवसांत असते, नेमके त्याच दिवसांत तो तुटण्याची शक्यता सर्वाधिक असते.

मेळघाटातील हरिसालचे उदाहरण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने २०१६ मध्ये ते देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आणले गेले. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी पडद्यावर चित्रफीत दाखवून त्याची खिल्ली उडवली, शासनाने प्रत्युत्तर दिले आणि हरिसालचे गाव राहिले नाही, मुद्दा झाला. कोण खरे याची चर्चा तेव्हा रंगली. आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो हरिसालच्या भोवतीच्या कोरकू गावांचा प्रश्न. एक गाव उजळवून दाखवणे अवघड नसते, त्यासाठी अधिकारी, कंपनी आणि कॅमेरे असे सारेच तेथे धावतात. पुढच्या पन्नास गावांत ते काम कोणताही समारंभ न होता चालू राहणे, हे खरे काम.

आता उपग्रहाच्या मार्गाने इंटरनेट देण्याची भाषा सुरू झाली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक या अमेरिकन कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव हे आपले चार आकांक्षित जिल्हे त्यात अग्रक्रमाने आहेत. दरीतल्या शाळेला वा आरोग्य उपकेंद्राला आकाशातून जोडणी मिळत असेल, तर ती कोणाची म्हणून नाकारण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. तहानलेल्याने पाण्याची जात विचारू नये. मात्र पाड्याचा एकमेव दोर परक्या कंपनीच्या हाती असणे आणि तो दर वा धोरण बदलून केव्हाही ओढला जाऊ शकणे, यातील धोका डोळ्याआड करता येत नाही. फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या गोंडस नावाने गरिबांसाठी कुंपणातले इंटरनेट आणले होते. कोणती संकेतस्थळे गरिबाने पाहावीत हे कंपनी ठरवणार होती. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांना बंदी घालून तो डाव रोखला. त्या वेळी शहरातील सुशिक्षित तरुणांनी जी जागरूकता दाखवली, तिचा निम्मा हिस्सा जरी पाड्यावरच्या रेंजसाठी दाखवला असता तर किती बरे झाले असते!

येथे एक गोष्ट थोडी बाजूची वाटेल, पण ती सांगितलीच पाहिजे. मनोरा उभा राहिला म्हणजे माणूस जोडला गेला, असे नसते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले, महिलांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते, आणि ग्रामीण महिलांमध्ये जेमतेम चारात एक. घरात एकच मोबाइल असेल तर तो कोणाच्या खिशात असतो, हे काय सांगायला हवे? मग पडद्यावरची भाषा. कोरकू, माडिया, पावरी बोलणाऱ्या आजीला मराठी अर्जच परका, तेथे इंग्रजी सूचनांची काय कथा! १९१८ साली बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी लिपी रचली आणि ती संगणकाच्या युनिकोड संचात येण्यास २०१७ साल उजाडले. ९९ वर्षे. पण लिपीवाचूनही वाट निघते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ने साध्या फोनवरून गोंडीत बोलून तक्रार नोंदवण्याची सोय केली, आणि आपल्याकडे म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून माणदेशच्या बोलीत बायकांशी बोलते आहे. लिहिता न येणाऱ्यालाही बोलता येते, एवढी साधी गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात का येत नसावी? ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व एसएमएस यांपुरते वेगळे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले, तेव्हा बटणाचा फोन वापरणाऱ्या वृद्धाच्या खिशाचा विचार निदान एकदा तरी झाला.

भटक्या समाजाची कथा तर निराळीच. शहराच्या कडेला, मनोऱ्याच्या अगदी सावलीत त्यांचे पाल पडलेले असते. रेंज भरपूर. पण कायमचा पत्ता नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून सिम दुसऱ्याच्या नावावर, आणि सिम दुसऱ्याचे म्हणून आधारशी जोडणी नाही. कायद्यातील ‘वंचित नागरी भाग’ हे शब्द कोणासाठी आहेत असे कोणी विचारले, तर त्याला या पालाकडे बोट दाखवता येईल.

मागणी काय करायची, तर ती फार मोठी नाही. जेथे रेंज नाही असे शासनाच्याच नोंदीत आहे, तेथे कोणत्याही योजनेची ऑनलाइन अट लागू करण्यापूर्वी कागदावरचा मार्ग उघडा ठेवावा किंवा कर्मचाऱ्याने पाड्यावर यावे. मतदानाच्या वेळी यंत्र घेऊन पथके नदी ओलांडतातच. मग वर्षातून एकदा ई-केवायसीसाठी का ओलांडू नये? दुसरे म्हणजे मोजणी गावाची न होता पाड्याची व्हावी, आणि एकदाच न होता महिन्यातील किती दिवस सेवा चालू होती याची व्हावी. कंत्राटदाराचे देयक याच दिवसांशी जोडले, तर सौरबॅटरी दुरुस्त करायला माणूस आपोआप सापडेल. तो माणूस बाहेरून आणण्याचीही गरज नाही. आश्रमशाळेतून दहावी-बारावी झालेली, आयटीआय केलेली मुले पाड्यापाड्यांवर आहेत. तंतू सांधणे आणि बॅटरी बदलणे त्यांना सहज शिकवता येईल.

आणि सेवा चालू आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार ग्रामसभेला हवा. पेसा कायद्याखालील महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची आणि स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट मोकळी केली आहे. गौण वनोपजापासून योजनांच्या खर्चाच्या प्रमाणपत्रापर्यंत अनेक बाबींत तिचा शब्द कायद्याने मानला आहे. त्यात ही एक बाब आणखी घालायला कोणाची हरकत असावी, असे वाटत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतेच. सभेच्या प्रारंभी पाड्यावरील एखाद्या भगिनीने आपल्या साध्या फोनवरून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला फोन लावावा. तो लागला की नाही, तेवढे ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहावे, आणि त्या इतिवृत्ताची प्रत निधीच्या प्रशासकाकडे दिल्लीला जावी.